आज्ञापत्रांतील झाड आणि त्याचा धनी

दोन वर्षांपूर्वीं पावसाळ्याच्या तोंडीं आमच्या कॉलेजांत वृक्षारोपणाचा समारंभ झाला. कॉलेजासमोरचा रस्ता रुंद करण्यासाठीं त्याच्या कडेचे जुने वड त्याच उन्हाळ्यांत पाडण्यांत आले होते, आणि त्यांच्या बदल्यांत रोपें लावावीं असा हुकूम होता. त्या प्रसंगीं फाटकाशीं एक फलक उभारण्यांत आला. वर झाडांचें रंगीत चित्र, त्याखालीं 'आज्ञापत्रां'तील झाडांविषयींचा सुप्रसिद्ध उतारा, आणि शेवटीं 'छत्रपति शिवाजी महाराज' असें नांव. वाचतांना कांहीं तरी चुकल्यासारखें वाटलें, म्हणून घरीं येऊन पुस्तक उघडलें. झाडें तोडूं नयेत हें फलकावर होतें; तीं कां तोडूं नयेत हें अर्धेंमुर्धें होतें; आणि तोडणें भागच पडलें तर काय करावें हें मुळींच नव्हतें. पुढें हाच उतारा शाळांच्या भिंतींवर, दिनदर्शिकांवर, व्याख्यानांतून अनेकदां भेटला, आणि जवळजवळ प्रत्येक वेळीं तो त्याच ठिकाणीं तुटलेला आढळला. कोणीं मुद्दाम तोडला असेल असें मी म्हणत नाहीं. परंतु गाळलेल्या भागांतच त्या उताऱ्याचा प्राण आहे, आणि निसर्गसंपत्तीच्या रक्षणाविषयीं आपण आज जें लिहितों व बोलतों त्यांत जो एक पोकळपणा जाणवतो, त्याचें मूळही ह्या गाळणींतच आहे, असें मला वाटूं लागलें आहे.

आधीं नांवाचा प्रश्न मिटवून टाकूं. शिवाजी महाराजांचें निधन १६८० सालीं झालें. 'आज्ञापत्र' त्यानंतर सुमारें पस्तीस वर्षांनीं, म्हणजे १७१५-१६ च्या सुमारास, कोल्हापूरच्या संभाजी महाराजांच्या नांवानें लिहिलें गेलें. लिहिणारे रामचंद्रपंत अमात्य. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळीं ते अष्टप्रधानांत होते, आणि राजाराम महाराज जिंजीस असतांना मागें राहून स्वराज्याचा गाडा त्यांनींच ओढला. तेव्हां ग्रंथांतील नीति थोरल्या महाराजांच्या कारभारांतून आलेली आहे असें म्हणण्यास प्रत्यवाय नाहीं. पण वाक्यें अमात्यांचीं आहेत. हा भेद केवळ पंडिती हट्टापायीं करीत नाहीं. मोगली फौजांनीं वर्षानुवर्षें तुडविलेला मुलूख ज्यानें डोळ्यांनीं पाहिला, ओसाड गांवें पुन्हां वसविण्यास किती काळ लागतो हें ज्याला ठाऊक होतें, अशा एका वृद्ध कारभाऱ्याचे हे शब्द आहेत, हें ध्यानांत ठेविलें म्हणजे त्यांतील स्वर निराळा ऐकूं येतो.

उतारा कोणत्या प्रकरणांत आहे हेंही पाहण्यासारखें आहे. वनें अगर बागा ह्यांवर 'आज्ञापत्रां'त स्वतंत्र प्रकरण नाहीं. हा उतारा आरमाराच्या प्रकरणांतला आहे. अमात्यांपुढचा प्रश्न झाडें कशीं वाचवावीं हा नसून जहाजांना लांकूड कोठून आणावें हा आहे. फळ्या हव्यात, लांब सरळ सोट हवेत, डोलकाठ्या हव्यात. त्यावर त्यांचें उत्तर पायरीपायरीनें उतरत जातें. अरण्यांतील सागवान वगैरे जें सोयीचें असेल तें हुजुरास लिहून, परवानगी घेऊन तोडावें. तेवढ्यानें भागलें नाहीं तर परमुलखांतून विकत आणावें. आंबा आणि फणस ह्यांचेंही लांकूड आरमाराच्या कामीं येतें, हें ते स्वतःच कबूल करतात, आणि त्याच दमांत त्यांना हात लावण्याची मनाई करतात. कां, तर हीं झाडें वर्षा-दोन वर्षांत होणारीं नव्हेत. रयतेनें तीं लावलेलीं असतात आणि पोटच्या पोरांप्रमाणें वाढविलेलीं असतात. त्यांवर कुऱ्हाड पडली तर तिच्या दुःखास सीमा राहणार नाहीं. आणि एकाला रडवून जें कार्य साधावयाचें, तें साधणाऱ्यासकट थोडक्याच काळांत लयास जातें. धन्याच्या माथीं प्रजापीडनाचा दोष बसतो तो वेगळाच.

बहुतेक फलक येथपर्यंत कसेबसे पोंचतात. पुढें अमात्य सांगतात कीं, एखादें झाड अगदीं जीर्ण होऊन कामांतून गेलें असेल तर तें घेण्यास हरकत नाहीं. मात्र त्याच्या धन्याला राजी करावें, त्याला पैसे द्यावे, आणि त्याच्या संतोषानें तोडून न्यावें. बळजबरी कोणत्याही सबबीवर होतां कामा नये.

हा शेवटचा भाग मला फार मोलाचा वाटतो. झाड निकामी झालें आहे, राज्याला लांकडाची निकड आहे, समुद्रावर सिद्दी आणि फिरंगी टपलेले आहेत. इतकें असूनही झाडाच्या धन्याचा होकार मिळाल्याखेरीज कुऱ्हाड उचलावयाची नाहीं. झाड जीर्ण झालें म्हणून धन्याचा हक्क जीर्ण होत नाहीं. आणि होकार म्हणजे नुसती मान डोलावणें पुरेसें नाहीं, त्याचें मोलही हातावर पडलें पाहिजे. गद्य म्हणूनही हा उतारा पाहण्याजोगा आहे. प्रत्येक आज्ञेला तिचें कारण चिकटलेलें आहे, प्रत्येक मनाईला तिचा अपवाद आहे, आणि अपवादाला त्याची रीत आहे. कोठें अलंकार नाहीं, झाडाच्या सौंदर्याविषयीं अवाक्षर नाहीं. ज्या अंमलदारानें हें वाचावयाचें त्याला पळवाट म्हणून उरत नाहीं. आजच्या सरकारी परिपत्रकांचे लेखक जर हें पान कधीं वाचतील तर त्यांना निदान मराठीचा लाभ होईल.

इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासकाला येथें जॉन एव्हलिनच्या 'सिल्व्हा'ची आठवण होणें अपरिहार्य आहे. १६६४ सालीं प्रसिद्ध झालेला तो ग्रंथही आरमाराच्या लांकडाच्या काळजींतूनच जन्मला. आरमाराच्या अधिकाऱ्यांनीं लंडनच्या रॉयल सोसायटीकडे विचारणा केली, आणि त्या निमित्तानें एव्हलिननें लेखणी उचलली. एव्हलिन बहुश्रुत आहे, रसिक आहे. वृक्षांविषयीं तो ज्या जिव्हाळ्यानें लिहितो तो अमात्यांच्या कोरड्या गद्यांत शोधूनही सांपडणार नाहीं. पण एव्हलिनचा मुख्य श्रोता जमीनदार आहे. झाडें लावा, त्यांत देशाचें हित आहे आणि तुमचेंही आहे, असें तो त्याला पटवीत असतो. अमात्यांचा श्रोता सरकारी अंमलदार आहे, आणि ते त्याच्याशीं बोलतात तें रयतेचा वकील होऊन. एकच गरज, जवळपास एकच काळ, आणि दोन ग्रंथांचीं तोंडें किती भिन्न दिशांना आहेत!

अमात्यांचा इशारा भाविकाचा शाप नव्हता, व्यवहाराचें गणित होतें, ह्याचा दाखला त्यानंतर शंभर वर्षांच्या आंतच मिळाला. १८०६ मध्यें कंपनी सरकारनें मलबारांत कॅप्टन वॉटसन नांवाच्या अधिकाऱ्याची कॉन्झर्व्हेटर म्हणून नेमणूक केली. गरज तीच, आरमाराची. झाड तेंच, सागवान. कंपनीनें सागावर आपला एकाधिकार सांगितला, आणि खाजगी मालकीच्या जमिनींतील सागही त्यांतून सुटला नाहीं. मालक, व्यापारी, शेतकरी सारेच बिथरले. अखेर १८२३ मध्यें, टॉमस मन्रो मद्रासचे गव्हर्नर असतांना, ती जागाच मोडीत काढावी लागली. इंग्रजी अमलांतील वनरक्षणाचा तो पहिला प्रयोग उणीपुरी सतरा वर्षें टिकला. धन्याला राजी न करतां झाड घेतलें म्हणजे झाडही राखलें जात नाहीं आणि लांकडाची सोयही कायमची लागत नाहीं, हें कंपनीला स्वतःच्या खर्चानें शिकावें लागलें.

ह्याच ग्रंथांत गडांच्या प्रकरणांत पाण्याविषयीं जें लिहिलें आहे तें त्या मानानें कमी प्रसिद्ध आहे. गड बांधण्यापूर्वीं पाणी पाहावें. पाणी नसून जागा सोडणें शक्य नसेल तर आधीं खडक फोडून तळीं, टांकीं करावीं. एखादा झरा आहे म्हणून निर्धास्त बसूं नये, कारण वेढ्याच्या वेळीं तोफांच्या आवाजानें झरे कमी होतात आणि पाण्याचा खर्च मात्र वाढतो. तोफांच्या आवाजाविषयींचें विधान आमचे पदार्थविज्ञानाचे स्नेही मान्य करणार नाहींत. पण त्यावरून काढलेला नियम बिनतोड आहे: दोनचार टांकीं केवळ संकटासाठीं म्हणून राखून ठेवावीं आणि त्यांतील पाण्याला एरवीं हात लावूं नये. उत्पन्न, खर्च आणि गंगाजळी असे पाण्याचे तीन हिशेब येथें निरनिराळे ठेविलेले आहेत. आज आपण कूपनलिकेनें जें खोलवरचें पाणी उपसतों तें त्याच राखीव टांक्यांतलें आहे, आणि तें आपण रोजच्या खर्चाच्या वहींत लिहितों. केरकचरासुद्धां गडाखालीं न लोटतां जाळावा आणि त्याच्या राखेवर परसांत भाजीपाला करावा, इतक्या बारकाईपर्यंत अमात्य उतरतात. वेढा पडलेल्या गडावर वाया घालविण्यासारखें कांहीं नसतें, हें ज्यानें भोगलें त्यालाच हें सुचावें.

इतकी स्तुति केल्यावर 'आज्ञापत्रां'तील एक खळगाही दाखविला पाहिजे. आंब्याफणसांना धनी आहे, म्हणून त्यांना संरक्षण आहे. अरण्यांतल्या सागाचें काय? त्याला हुजूरची परवानगी पुरते. त्या अरण्यांत राहणाऱ्या, त्याच्यावर जगणाऱ्या माणसांना राजी करावें, असें अमात्यांना सुचत नाहीं; कारण त्यांनीं तो साग लावलेला नाहीं. लावणें आणि वाढविणें हाच येथें हक्काचा पाया धरला आहे. ज्यांनीं लावलें नाहीं पण राखलें, ज्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या तोडतांना हात आंवरला, त्यांचें नांव ह्या वहींत नाहीं. अमात्यांच्या काळीं रान अफाट होतें आणि माणूस थोडा होता. त्यामुळें ह्या उणिवेची झळ कोणाला फारशी लागली नसेल. परंतु पुढें आलेल्या राजवटीनें ह्याच खळग्यांतून आपली वाट काढली. १८६५ सालीं आणि नंतर अधिक कडक स्वरूपांत १८७८ सालीं वनांचे कायदे झाले, आणि डोंगरच्या डोंगर सरकारी मालकीचे ठरले. १८७८ च्या कायद्यांत राखीव व संरक्षित वनांबरोबर ग्रामवनांचीही तरतूद होती खरी, पण ती बहुतांशीं कागदावरच राहिली.

हा खळगा ज्यांना प्रथम स्पष्ट दिसला त्यांत जोतीराव फुले होते. १८८३ सालच्या 'शेतकऱ्याचा असूड' ह्या ग्रंथाला आपण समाजसुधारणेच्या दालनांत बसवून मोकळे झालों आहों. माती, पाणी आणि रान ह्यांच्या रक्षणाचा ग्रंथ म्हणून त्याचें वाचन क्वचितच होतें. वस्तुतः त्या दृष्टीनें पाहिल्यास मराठींत त्याच्या तोडीचें पुस्तक त्या शतकांत दुसरें दाखवितां येणार नाहीं. ज्या शेतकऱ्याचें पोट त्याच्या शेतावर भरत नसे तो पूर्वीं जवळच्या डोंगरांत जाऊन उंबराजांभळांचीं फळें खाई, पळसामोहाचीं पानेंफुलें आणि सरपण विकून चार पैसे करी, आणि गांवच्या गायरानावर एखादी गाय, दोनचार शेळ्या पाळी, असें जोतीराव सांगतात. नव्या फॉरेस्ट खात्यानें डोंगरदऱ्या तर घेतल्याच, वर पडीक जमिनी आणि गायरानेंही पोटांत घातलीं. शेरडाकरडांना उभें राहण्यासही जागा उरली नाहीं, ही त्यांची तक्रार आहे.

येथें दोन ग्रंथांतील झाडांच्या नांवांकडे लक्ष द्यावें. अमात्यांच्या पानावर आंबा आणि फणस आहेत; जोतीरावांच्या पानावर उंबर, जांभूळ, पळस, मोह. पहिलीं दोन दारांतलीं झाडें, सातबाऱ्यावर नोंद होईल अशीं. दुसरीं चार कोणीं लावलेलीं नसतात, आणि दुष्काळांत तींच जगवितात. कोणता लेखक कोणत्या झाडाचें नांव घेतो ह्यावरून त्याला कोणता माणूस दिसत होता हें कळतें. असल्या पुराव्यास टीकाकारांनीं कमी लेखूं नये.

जोतीरावांचा ग्रंथ तक्रारीवर थांबत नाहीं. शेवटच्या प्रकरणांत ते उपाय सांगूं लागतात, आणि तेथें मक्तेदाराचा अनुभव बोलूं लागतो. त्यांनीं सरकारी बांधकामांचे मक्ते घेतलेले होते, आणि पुण्याजवळ मांजरीस कालव्याच्या पाण्यावर शेतीही केलेली होती. डोंगरावरचें गवत, पानें, फुलें, मेलेले किडे, जनावरांचे अवशेष हें सारें कुजून जें सत्त्व तयार होतें तें वळवाच्या पावसानें धुपून वाहून जातें, हें ते आधीं मांडतात. त्यावर त्यांचा तोडगा असा कीं, जागोजाग तालीबंधारे अशा बेतानें घालावे कीं पावसाचें पाणी आधीं सगळ्या शेतांतून मुरावें आणि मग नदीनाल्यास मिळावें. हें काम कोणीं करावें? बसून पगार खाणाऱ्या गोऱ्या आणि काळ्या पलटणींनीं, आणि पोलिसांतील फाजील शिपायांनीं! नदीनाल्यांतला आणि तळ्यांतला गाळ पूर्वींप्रमाणें शेतकऱ्यांना फुकट नेऊं द्यावा. गायरानें गांवांना परत द्यावीं. सरपणाला मोकळीक असावी, मात्र इमारती लांकूड तोडून विकण्यास सक्त बंदी असावी. आज ज्याला आपण पाणलोट क्षेत्राचा विकास असें भारदस्त नांव देतों, त्याचा गाभा ह्या दोनतीन पानांत आलेला आहे. पाणी वाहूं न देतां मुरूं द्यावें, माती जागच्या जागीं धरावी, आणि हें सारें वरून खालीं करीत यावें. ह्यापुढें शास्त्रानें मापें दिलीं, नकाशे दिले, तत्त्व तेंच ठेविलें.

ग्रंथाचे दोष दिसत नाहींत असें नाहीं. वाक्यें अर्धें अर्धें पान धांवतात, गाळाचा हिशेब चालू असतां लेखक एकदम भटकामगारांवर घसरतो, आणि वाचकाला मूळ मुद्द्याकडे परत येण्यास श्रम पडतात. विचारांतही एक गांठ सुटलेली नाहीं. फॉरेस्ट खात्याची होळी करा, असें जोतीराव म्हणतात, आणि त्याच वाक्यांत लांकूडविक्रीवर सक्त कायदा मागतात. खातें जाळल्यावर तो कायदा पाळवून घेणार कोण? गायरान गांवाला परत मिळालें, पण गांवांतला बळकट माणूसच रात्रीं कुऱ्हाड घेऊन निघाला तर? 'असूड' ह्याचें उत्तर देत नाहीं. जुलमी धनी हटविला पाहिजे हें त्याला कळलें आहे. नव्या धन्यानें कसें वागावें हें त्याच्यापुढें अजून यावयाचें आहे.

तें उत्तर पुस्तकांतून न येतां गांवांतून आलें, आणि त्यासही शंभराहून अधिक वर्षें जावीं लागलीं. गडचिरोली जिल्ह्यांत धानोरा तालुक्यांत मेंढा (लेखा) हें गोंडांचें एक लहानसें गांव आहे. तेथें ग्रामसभेचे निर्णय बहुमतानें होत नाहींत, सर्वांच्या संमतीनें होतात. आणि निर्णयापूर्वीं विषय समजावून घेण्यासाठीं अभ्यासगट बसतात. २००६ सालच्या वनहक्क कायद्याखालीं २००९ मध्यें ह्या गांवाला सुमारें १,८०० हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला. हक्क मिळूनही बांबू विकतां येईना, कारण १९२७ च्या वन कायद्यानें बांबूला झाड म्हटलें होतें, तर २००६ च्या कायद्यानें त्याला गौण वनोपज म्हटलें होतें. गवत कीं झाड, ह्या एका शब्दावर गांवाचा घांस अडकला! वाङ्मयाच्या प्राध्यापकांना व्याख्यांचें वेड असतें म्हणून लोक हसतात. पण व्याख्येनें उपाशी ठेवल्याचें हें उदाहरण आम्हांलाही नवीन होतें. २०११ मध्यें बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हातीं आला, आणि गांवानें आपल्या रानांतला बांबू आपल्या नांवानें विकला. अमात्यांच्या वहींत ज्या सागाला धनी नव्हता, त्याच जातीच्या रानाला येथें धनी मिळाला, आणि तो एकटादुकटा नसून अवघा गांव होता. जोतीरावांनीं जी गांठ सोडली नव्हती तीही येथें सुटूं लागली, कारण कुऱ्हाडीवर नजर ठेवणारा आणि बांबूचा पैसा घेणारा एकच होता.

ह्यावर एक आक्षेप येतो, आणि तो कोंकणांतून येतो म्हणून अधिक बोंचतो. रत्नागिरी जिल्ह्यांतील बहुतेक रान सरकारी नाहीं, मालकीचें आहे. तेथें धनी आहे, त्याला राजी केलें जातें, पैसे दिले जातात, त्याच्या संतोषानेंच लांकूड जातें. आणि तरीही डोंगर बोडके होतात. १९६४ सालचा वृक्षतोडीच्या नियमनाचा कायदा आहे, परवाने आहेत; पण ज्याचें कुटुंब मुंबईस गेलें, ज्याला वर्षांतून गणपतीला आणि शिमग्याला गांव दिसतो, त्याला उभ्या ऐनकिंजळापासून काय मिळतें? ठेकेदाराचे पैसे मात्र आजच दिसतात. अमात्यांचा नियम अपुरा पडतो तो येथें. त्यांचा धनी झाडाखालीं राहणारा होता. तें गेल्याचें दुःख त्याला रोज दिसणार होतें. दुःख होणारा आणि सही करणारा हे दोन निराळे झाले म्हणजे संतोषानें केलेली तोडही तोडच ठरते. डोंगराच्या पायथ्याची विहीर फाल्गुनांत आटते, आणि ती ज्याची असते त्याची सही कोणी मागितलेली नसते.

हाच पेंच पाण्याच्या बाबतींत अधिक बिकट आहे, कारण पाणी कोणाच्याही बांधाआड राहत नाहीं. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे ह्यांनीं पुरंदर तालुक्यांत नायगांवीं पाणी पंचायतीचा जो प्रयोग केला त्याचें महत्त्व ह्यासाठीं आहे. साळुंखे पेशानें अभियंते आणि कारखानदार. पण त्यांनीं केलेला शोध यंत्राचा नव्हता, वांटणीचा होता. पाणी जमिनीच्या एकरांवर न मोजतां घरांतल्या माणसांवर मोजावयाचें: माणशीं अर्धा एकर भिजेल इतकें, आणि घरामागें कमाल अडीच एकर. भूमिहीनालाही त्यांत वांटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जावयाचा नाहीं. आणि ऊंस लावावयाचा नाहीं. ह्यांतील प्रत्येक नियम कोणाच्या तरी पायावर धोंडा पाडणारा होता, आणि शेवटचा तर आपल्या प्रांतांतील अत्यंत बलवान पिकाशीं वैर घेणारा होता. म्हणूनच ह्या प्रयोगाचें कौतुक सर्वांनीं केलें आणि अनुकरण फार थोड्यांनीं. बंधारे मात्र आपण त्यानंतर पुष्कळ बांधले. बंधारा फीत कापून उघडतां येतो. वांटणी अशी उघडतां येत नाहीं.

देवरायांचा येथें केवळ उल्लेख करतों. त्यांचा धनी देव, आणि त्याला राजी करून पैसे देण्याची सोय नव्हती, म्हणून त्या राहिल्या. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक ह्यांनीं १९७० नंतरच्या दशकांत त्यांचा अभ्यास करून हें धन किती मोठें आहे तें दाखविलें. अलीकडे मात्र देवाला कौलारू देवळाऐवजीं सिमेंटचा सभामंडप हवासा वाटूं लागला आहे असें पुष्कळ गांवांतून ऐकूं येतें, आणि त्यासाठीं लागणारा पैसा रायींतच उभा असतो.

मराठी वाङ्मयाच्या वाचकाला ह्या सगळ्यांतून स्वतःच्या घराकडेही पाहावेंसें वाटतें. आपल्याकडे निसर्ग कांहीं कमी लिहिला गेलेला नाहीं. तुकोबांनीं वनांत सोयरीक शोधली, बालकवींनीं त्याला रंग दिले, दुर्गाबाई भागवतांच्या 'ऋतुचक्रा'नें १९५६ सालीं बारा महिन्यांकडे पाहण्याची नवी नजर दिली. ह्या लेखनानें माझ्या पिढीला झाड ओळखावयास शिकविलें, तें ऋण मी विसरणार नाहीं. पण आपलें ललित गद्य झाडाखालीं बसतें आणि त्याचा धनी कोण असें विचारीत नाहीं. मारुति चितमपल्ली ह्यांनीं वनखात्यांत आयुष्य घालवून रानांतल्या माणसांचे शब्द गोळा केले. विश्वास पाटलांनीं 'झाडाझडती'त (१९९१) धरणाच्या पाण्याखालीं गेलेल्या गांवांचा जमाखर्च मांडला. अशीं नांवें घेतां येतात, पण तीं बोटांवर मोजावीं लागतात. एरवीं वर्णनाचें पारडें जड आणि हिशेबाचें हलकें. अमात्य आणि जोतीराव ह्या दोघांच्या गद्यांत वर्णन जवळजवळ नाहींच, आणि तरीही त्यांच्या पानांतलें झाड आपल्या ललितनिबंधांतल्या झाडापेक्षां अधिक खरें वाटतें. ह्याचें कारण टीकाकारांनीं शोधण्याजोगें आहे.

गेल्या वर्षीं हा उतारा मीं वर्गांत पूर्ण वाचून दाखविला. वाचून झाल्यावर एका विद्यार्थिनीनें विचारलें, "सर, समोरच्या रस्त्यावरच्या वडांचा धनी कोण होता?" कायद्याचें उत्तर सोपें होतें, तें मीं दिलें: सरकार. तिचें समाधान झालें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर माझेंही नाहीं. त्या वडांखालीं एक सायकली दुरुस्त करणारा वीस वर्षें बसत असे, दोघी भाजीवाल्या बसत, दुपारीं रिक्षावाले डोळा लावीत. त्यांना कोणीं राजी केल्याचें ऐकिवांत नाहीं. भाजीवाल्या आतां कोठें बसतात हेंही मीं तोंवर पाहिलें नव्हतें. तिच्या प्रश्नानंतर पाहिलें. त्या बस-थांब्याच्या पत्र्याखालीं बसतात, आणि ऊन कलतें तशी टोपली सरकवीत राहतात.

यंदा फाटकावरचा फलक पुन्हां रंगवावयाचा ठरला. संपूर्ण उतारा आणि खालीं अमात्यांचें नांव असा मजकूर मीं लिहून दिला. रंगाऱ्यानें ओळी मोजल्या आणि सांगितलें कीं एवढें बसणार नाहीं. शेवटचें, धन्याचें आणि पैशांचें, तेवढें गाळलें तर ठीक बसेल. मीं त्याला वरचें झाडांचें चित्र पुसावयास सांगितलें.